बेगडेवाडीची बेणारे

पुणे-लोणावळा लोकलमध्ये बेगडेवाडी हे स्टेशन डुलकी काढण्यासाठी असतं. देहूरोडला गाडी हलकी होते, तळेगावकरांना अजून घोरावडी पार करायची असते, आणि मधल्या मधे आम्ही चार-पाच जण पिशव्या सावरत उतरतो. २०१२ पासून शेजारी गहुंज्याला क्रिकेटचं स्टेडियम आलंय, त्यामुळे सामन्याच्या दिवशी आमचं नाव पेपरात झळकतं. मी सांगतेय ते त्याच्या वीसेक वर्षं आधीचं. तेव्हा पुण्यात कुणाला "बेगडेवाडी" म्हणून सांगितलं, की समोरचा आधी "काय?" म्हणायचा आणि मग हसायचा.

बेगड म्हणजे तो चकचकीत कागद. नाटकातल्या राजाच्या मुकुटाला असतो तो. कॉलेजात एकांकिकेच्या निवडीला मी उभी राहिले, तेव्हा दिग्दर्शकानं नाव-गाव विचारलं आणि म्हणाला, "वा! म्हणजे दागिन्यांचा प्रश्न मिटला." हा दिग्दर्शक एस. वाय. बी. ए.ला होता आणि त्यानं दाढी राखली होती. दाढी असली की माणसाला जागतिक रंगभूमी कळते, असं आमच्या कॉलेजात मानत. मावळात भेगडे आडनावाची घरं पुष्कळ, त्यावरून हे नाव आलं असणार, अशी एक व्युत्पत्ती मी तिथल्या तिथे तयार केली. ती मनातल्या मनातच राहिली. तोंडातून शब्द न फुटणं हाच तर माझा आजार होता.

तरी माझी निवड झाली. 'शेजारीण क्रमांक दोन.' एकच वाक्य: "अगं बाई!" दोन आठवडे मी ते घासलं. अगंवर जोर, बाईवर जोर, मधे श्वास, श्वासाशिवाय. पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका तासाभरात आटपावी लागते. आमची एक तास चार मिनिटं होत होती. कात्री चालली आणि पहिल्याच फटक्यात माझं "अगं बाई" गेलं. त्यानं दीड सेकंद वाचला. उरलेली तीन मिनिटं साडेअठ्ठावन्न सेकंद नायकाच्या दारिद्र्यावरच्या भाषणातून काढता आली असती, पण तो नायक दिग्दर्शकाचा रूममेट होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही स्पर्धा भरवते, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात. तिथला प्रेक्षक म्हणजे बाकीच्या कॉलेजांची पोरं. ती नाटक बघायला येतात हे खरं, पण नाटक पडलं तर आपण हजर असावं, ही इच्छा त्याहून खरी. पडदा उघडण्याआधी "आव्वाज कुणाचा"च्या आरोळ्यांनी छत हलतं. आणि मग रंगमंचावर मी शब्दावाचून उभी. मी वाक्यामुळे नाही, तर फक्त उंचीमुळे नाटकात राहिले होते. मागच्या खिडकीतून दिसण्याइतकी शेजारीण त्यांना हवी होती.

दिग्दर्शकानं माझं निदानही केलं: "तुझा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही." हे खोटं होतं. पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा जात नव्हता.

आता विंगेतल्या माणसाकडे येते. संहिता हातात धरून कुजबुजत वाक्यं पुरवणारा एक मुलगा आमच्यात होता. तळेगावचा. त्याला सगळ्यांची वाक्यं पाठ असत. नायक ब्लँक झाला की नायकाची, नायिका झाली की नायिकेची. माझं कापलेलं "अगं बाई"सुद्धा त्यानं संहितेत खोडलं नव्हतं, पेन्सिलीनं कंस करून ठेवलं होतं. कंस करण्याला मी तेव्हा प्रेम समजले नाही. मला ते टापटीप वाटलं.

तालीम संपली की शिवाजीनगरहून शेवटच्या लोकलांपैकी एखादी आम्ही दोघं पकडत असू. मी बेगडेवाडीला उतरे, तो पुढे दोन स्टेशनं. एके दिवशी त्यानं माझ्या हातात तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' ठेवलं आणि म्हणाला, "शेवटचं स्वगत. रोज फलाटावर म्हणायचं. समोरच्या फलाटावर ऐकू गेलं पाहिजे."

त्या नाटकाची जन्मकथा त्यानं मला देहूरोड येईपर्यंत सांगितली. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला निघालेल्या हौशी मंडळींशी तेंडुलकरांची गाठ पडली आणि त्यातून हे नाटक सुचलं. १९६७ साली 'रंगायन'नं ते केलं. लीला बेणारे ही शाळेतली बाई उभी केली सुलभा देशपांडेंनी, ज्या खऱ्याच दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. दिग्दर्शक त्यांचे यजमान, अरविंद देशपांडे. बेणारेचं स्वगत लिहायला तेंडुलकर राजी नव्हते म्हणे. देशपांडे हटून बसले तेव्हा ते लिहिलं गेलं. नाटकात त्या बाईला बचावासाठी दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत कुणी काही ऐकून घेत नाही, आणि तेवढ्यातच ती सगळं आयुष्य बोलून टाकते. आमच्या स्टेशनवर लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. मला तर बेणारेपेक्षा वेळ जास्त होता.

मी सुरुवात केली. गाडी गेली की फलाट रिकामा, एक पिवळा दिवा, घोरावडेश्वराच्या डोंगराची काळी कड आणि मी. पहिले आठ दिवस आवाज समोरच्या फलाटाच्या अलीकडच्या रुळावरच पडे. मग पलीकडच्या रुळावर. मग एका रात्री समोरून एक कुत्रं उठून निघून गेलं. ही माझ्या कारकिर्दीतली पहिली प्रतिक्रिया.

दुसरी थेट घरी आली. आमचा दूधवाला सकाळी अण्णांना म्हणाला, "अण्णा, राग मानू नका, पन पोरीला कुनी फशिवलंय का? रातच्याला फलाटावर एकलीच भांडती. लग्नाबिग्नाचं, पोराबाळाचं बोलती." बेणारेबाईंची सगळी फिर्याद त्यानं माझ्या नावावर नोंदवली होती. आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा देहूरोडच्या डेपोत हिशेबाच्या कामाला. आयुष्यभर आवक-जावक मांडलेला माणूस. ते इतकंच म्हणाले, "कोणतं नाटक?"

आईला मात्र उत्तर हवं होतं. नाटकातल्या मुलींचं काय होतं, हा तिचा मुद्दा. मी दाखले तयार ठेवले होते. म्हटलं, ज्योत्स्ना भोळे बघ. १९३३ साली, बायकांची कामं पुरुष करायचे त्या काळात, 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या. संगीत केशवराव भोळ्यांचं. आई म्हणाली, "केशवराव कोण?" "त्यांचे यजमान. आदल्या वर्षी लग्न झालं होतं." "बघ. आधी लग्न." मी सुलभाताईंवर आले. "त्यांचेही यजमान नाटकातले?" मी घाईनं रोहिणी हट्टंगडी काढल्या. आपल्या पुण्याच्या, पूर्वीच्या ओक, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या, 'गांधी' सिनेमात कस्तुरबा झाल्या, विलायतेचं बाफ्टा मिळालं. आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "ओकांच्या हट्टंगडी कशा झाल्या?" "जयदेव हट्टंगडी त्यांच्याच विद्यालयात होते…" आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तिघींनीही नवरा नाटकातच शोधला. आणि तू म्हणतेस काळजी करू नको."

असला युक्तिवाद मी पुढे भरतच्या रंगमंचावरसुद्धा ऐकला नाही.

त्या दिवसापासून अण्णा मला न्यायला स्टेशनवर येऊ लागले. बोलत नसत. बाकावर बसत, टॉर्च मांडीवर. माझं स्वगत संपलं की टॉर्च पेटे आणि आम्ही घरी. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. मला आधी लाज वाटली. मग वाटलं, ज्यांच्यासमोर मोठ्यानं जेवण मागायची हिंमत नव्हती त्यांच्यासमोर मी हे सगळं बोलतेय, तर भरतची पोरं काय करणार? नाटकानं आत्मविश्वास दिला असं लोक मुलाखतीत म्हणतात. माझा तरी फलाटावर तयार झाला, एका न बोलणाऱ्या माणसापुढे.

आणि तळेगावकर? अण्णा न्यायला येऊ लागले त्याच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री तो माझ्यामागोमाग बेगडेवाडीलाच उतरला. सगळ्या कॉलेजची वाक्यं पुरवणारा हा माणूस स्वतःचं एक वाक्य बोलायला उभा राहिला आणि ठार ब्लँक झाला. मी सवयीनं विंगेकडे बघितलं. विंगेत कुणी नव्हतं, कारण विंग समोर उभी होती. गाडी सुटली. शेवटी तो म्हणाला, "पुढची गाडी कधी आहे?" ती शेवटची होती. मी तसं सांगितलं. तो सात-आठ किलोमीटर चालत घरी गेला. लग्नाची मागणी म्हणून मी आजतागायत हेच वाक्य धरते. तो म्हणतो, त्याला खरंच गाडीची वेळ हवी होती.

करंडकात आम्हाला काही मिळालं नाही. दिग्दर्शकानं दाढी काढली.

स्वगत मात्र मी रंगमंचावर केलं. गणपतीत, आमच्या वाडीच्या मांडवात, संगीत खुर्ची आणि बक्षीस समारंभ यांच्या मधे. मंडळाच्या अध्यक्षांनी "काहीतरी धार्मिक घ्या" असं सुचवलं होतं. मी "कोर्टाचं आहे" म्हणाले, त्यावर ते घाबरून गप्प बसले. बसायला सतरंज्या, पुढे पोरं, मागे बायका, त्याच्या मागे जनरेटर. निवेदकानं "आपल्याच बेगडेवाडीची कन्या" म्हटलं आणि कुणीही हसलं नाही. मला माइक नको होता. जनरेटरच्या वर आवाज गेला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. गेला. पोरं चिडीचूप. शेवटी टाळ्यांआधी थोडी शांतता पडली, आणि मागून एक म्हातारी बाई मोठ्यानं म्हणाली, "बरं बोललीस गं!" ते दाद म्हणून होतं की साक्ष म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तळेगावकर मांडवाच्या कनातीमागे संहिता घेऊन उभा होता. मी बाहेर आले तर त्याचे डोळे पाण्यानं भरलेले, पुस्तक मिटलेलं. "कुठे चुकलं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "मी बघितलंच नाही पुस्तकात."

घरी जाताना टॉर्च पेटला. मारुतीच्या देवळापर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मधली दोन वाक्यं कमी भरली." आणि चालता चालता त्यांनी ती दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली.