तटस्थ, पण घरचा

भोपाळच्या एमपी नगरात प्रेस कॉम्प्लेक्स आहे. वर्तमानपत्रांची कार्यालयं शेजारी शेजारी, आणि चढाओढ अशी की वर्गणीदार पटकवायला बादल्या, डबे, सोडतीची कूपनं, सगळं वाटून झालं. पण खप कुणाचा जास्त, हे एकमेकांच्या तोंडच्या शब्दावर कोण मानणार? म्हणून 1948 पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स अंक मोजतो. संस्था अगदी तटस्थ. सभासद तेवढे प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात कंपन्या. वरपक्ष, वधूपक्ष आणि मध्यस्थ एकाच पंगतीला.

नुसते अंक मोजून जाहिरातदारांचं भागेना, म्हणून इंडियन रीडरशिप सर्व्हे वाचकही मोजू लागला. 2013 च्या पाहणीचे आकडे 2014 च्या जानेवारीत आले आणि वर्तमानपत्रांना एरवी न जमणारी एकी एका फटक्यात झाली. भास्कर, जागरण, लोकमत यांच्यासह 18 वृत्तसमूहांचं संयुक्त निवेदन: पाहणी नामंजूर! त्यातला एक मासला पाहा. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेला, आता भोपाळमधूनही निघणारा ‘हितवाद’. नागपुरात प्रमाणित खप 60 हजारांवर, वाचक शून्य. म्हणजे नागपूरकर पैसे मोजून पेपर घेतात आणि घडी न मोडता रद्दीत टाकतात.

निदान रद्दीवाल्याला तरी विचारायचं! त्याच्याकडे सगळ्यांचा हिशेब असतो, तोही किलोवर. पण त्याला कुठल्या समितीवर घेतील तर ना.