मृत्युपत्र कपाटात, किल्ली दादाकडे

वडील गेल्यावर घरात सगळ्यात आधी काय सापडेनासं होतं? मृत्युपत्र नव्हे. ते गोदरेजच्या कपाटात, एलआयसीच्या फाइलखाली व्यवस्थित असतं. सापडत नाही तो ते अमलात आणणारा माणूस.

म्हणजे माणूस असतो. अगदी समोर असतो. तेराव्याला पंगतीत आग्रह करत फिरतो, फोटोचा हार सरळ करतो. एक्झिक्युटर म्हणून मृत्युपत्रात त्याचं नाव पत्त्यासकट असतं. फक्त विषय काढला की म्हणतो, "अगं, वर्षश्राद्ध तरी होऊ दे."

बरं. होऊ दे.

वर्षश्राद्ध होतं. मग पितृपक्ष लागतो, त्यात शुभ काही करायचं नाही. (वडिलांचीच इच्छा पुरी करायची, तीही पितृपक्षात नाही!) मग दिवाळी. मग सीएला मार्च एंड. मग भाचीची बारावी. मग निवडणुका, आणि तलाठी ड्यूटीवर. मधल्या काळात सरकारने तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. दादाचं उत्तर काही बदललं नाही.

त्याला नेमलं का, तर थोरला म्हणून. स्वतःचा पीएफ जुन्या कंपनीतून नव्या कंपनीत आणायला ज्याला जमलेलं नाही, त्याच्या हाती अप्पांनी पार्ल्याचा फ्लॅट, कोकणातली कलमं आणि अकरा एफडी सोपवल्या. अप्पांनी काम दिलं होतं. दादाने तो मान समजून घेतला.

आणि मान काय, सावकाश मिरवायचा असतो.

कायदा याबाबतीत दादापेक्षा बराच हिशेबी आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा. मृत्यूनंतर पहिलं वर्ष तो एक्झिक्युटरवर वाटपाची सक्ती करत नाही; वर्षश्राद्धाची कल्पना इंग्रजांनाही असावी. पण प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, मिळालं, की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत जमाखर्च कोर्टात सादर करायचा. येणं वसूल करायचं राहिलं आणि मुदत टळून ते बुडालं, तर नुकसान एक्झिक्युटरने स्वतःच्या खिशातून भरायचं. हे कायद्याच्या पुस्तकात उदाहरणासकट छापलेलं आहे.

दादा वाचतो कुठे? तो व्हॉट्सॲपवर सुविचार टाकतो.

आणि जो वाचतो, तो आणखी बिलंदर. यादीची मुदत प्रोबेटपासून मोजायची ना? मग प्रोबेटच घ्यायचं नाही! घड्याळाला चावीच दिली नाही, तर काटा पुढे सरकेल कसा?

मुंबईतल्या मालमत्तेला प्रोबेटची सक्ती होती, तोवर दादाला ऐतं कारण होतं: "कोर्टाचं काम आहे बाबा, वेळ लागतो." अर्ज केला होता का, हे कुणी विचारायचं नाही. 2025 च्या डिसेंबरात संसदेने ते सक्तीचं कलमच काढून टाकलं. आता दादा म्हणतो, "नवीन नियम आलेत, जरा स्पष्टता येऊ दे."

बँकांना तरी लाज आहे. कागदपत्रं पूर्ण मिळाल्यावर मृत खातेदाराचा दावा पंधरा दिवसांत निकाली काढा, असं रिझर्व्ह बँकेने त्यांना बजावलं आहे. बँकेला पंधरा दिवस. दादाला पंधरा सण.

उलट बाजूने मात्र घड्याळ चालूच असतं. दहा वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही, तर शेअरही सरकारच्या निधीत. 2025 च्या मध्यावर देशातल्या बँकांच्या अशा विसरलेल्या ठेवी 67 हजार कोटींच्या वर होत्या. हे सगळे पैसे बेवारशांचे होते असं वाटतं तुम्हाला?

बऱ्याच जणांना दादा असणार.

दादाचा हुकमी एक्का वेगळाच. "अप्पांनी नॉमिनी मलाच केलं होतं." म्हणजे एफडी माझी, फंड माझे, विषय संपला. विषय संपत नाही. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या म्युच्युअल फंडांवरून झालेला खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने पैसे ताब्यात घ्यायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे. साळगावकर गेले 2013 मध्ये. ज्यांनी घराघरांत भिंतीवर तारखा लावल्या, त्यांच्या कागदांनाही अंतिम तारीख मिळायला दहा वर्षं लागली. तुमच्या-आमच्या अप्पांची काय कथा?

आता खरी गोम. आपण समजतो, दादा आळशी आहे. छे! आळशी माणसाचा आळस सगळीकडे सारखा असतो. दादाने स्वतःच्या गाडीचा इन्शुरन्स कधी चुकवलाय?

पार्ल्याचा फ्लॅट 'तसाच' ठेवलाय म्हणतात. तसाच म्हणजे कसा? तर दादाचा मुलगा तिथे तात्पुरता राहतो, कॉलेज जवळ पडतं म्हणून. कॉलेज संपलं. आता नोकरी जवळ पडते. अप्पांची आरामखुर्ची गच्चीत, हॉलमध्ये भाचेबुवांचा गेमिंगचा टेबल. मेंटेनन्सच्या पावतीवर नाव अजून अप्पांचंच, कारण "नाव बदलायची घाई काय आहे?"

आणि मे महिन्यात बहिणीकडे आंब्याची एक पेटी येते. वर दादाच्या अक्षरात: अप्पांच्या बागेतले. बहीण सासरी कौतुकाने दाखवते, दादाला फोन करते, फोटो पाठवते. बागेत तिचा तिसरा हिस्सा आहे. स्वतःच्याच कलमांचे आंबे ती भेट म्हणून खाते आणि वर थँक्यूही म्हणते.

उरलेल्या पेट्या कुठे जातात? वाशीला. पैसे कुठे जातात? "अगं, खतालाच पुरत नाहीत."

वाटणी झालेली नाही, असं आपण उगाच म्हणतो. वाटणी केव्हाच झाली. फक्त ती मृत्युपत्राप्रमाणे झालेली नाही.

मग कुणीतरी धीर करून विचारतं. आणि जो विचारतो, तोच हावरट ठरतो! "अप्पांची राख थंड झाली नाही तोवर..." राख थंड होऊन चार पावसाळे गेलेले असतात. बहिणीने विचारलं तर विचारूच नका. जावयाने फूस लावली इथपासून माहेर तुटेल इथपर्यंत सगळा अभ्यासक्रम तयार आहे. 2005 मध्ये कायद्याने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतकाच हक्क दिला. कायद्याने दिला. वहिनीने अजून दिलेला नाही.

इथे प्रवेश होतो मामांचा. मामा मध्यस्थ. मामा दोन्ही बाजूंचं ऐकून घेतात, चहा घेतात आणि सांगतात, "दोघांनीही जरा समजून घ्या." दोघांनी म्हणजे कुणी, ते उठताना कळतं. जाताना मामा बहिणीच्या पाठीवर हात ठेवतात.

न्यू जर्सीतला धाकटा भाऊ काय करतो? तो ग्रुपवर अंगठा दाखवतो. दादाने लिहिलं, "काम चालू आहे": अंगठा. बहिणीने लिहिलं, "कुठलं काम?": त्यालाही अंगठा. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला पार्ल्याचं अर्धवट भांडण परवडतं, विमानाचं तिकीट नाही.

आता दादाची बाजूही सांगू, नाहीतर तिरकेपणाला काही धरबंध राहायचा नाही. अप्पांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेलं ते दादानेच. रात्री उठून डायपर बदलले ते वहिनीनेच. तेव्हा अंगठेवाले अंगठेच दाखवत होते आणि आंबेवाल्या आंबेच खात होत्या. शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी प्रत्येक खेपेला नवा कागद मागतो, हेही खोटं नाही.

मग म्हण ना बाबा तसं! चारचौघांत सांग, की मी केलं, मला जास्त हवं. बहीण कदाचित हो म्हणेल. बहिणी म्हणतात. पण सेवेचं बिल द्यायचं नाही आणि वसुली मात्र गुपचूप चालू ठेवायची, ही कुठली श्रावणबाळाची तऱ्हा?

कोर्टात जा, असं सांगणं सोपं आहे. न्यायालय दादाला बोलावून विचारू शकतं, जबाबदारी घेतोस की सोडतोस? उच्च न्यायालय त्याला काढूनही टाकू शकतं. पण भावाला कोर्टात खेचणारी म्हणून पुढची वीस वर्षं लग्नकार्यात मिरवायचं कुणाला आहे? दादाला हे पक्कं ठाऊक असतं. ही भीतीच त्याचा वकील आहे, फी न घेणारा.

त्यापेक्षा एक स्वस्त काम करून बघा. वाटणी मागूच नका. यादी मागा. काय काय आहे, कुठे आहे, अप्पा गेल्यापासून किती आलं, किती गेलं. तोंडी नको, ग्रुपवर नको; स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. वाटणी मागितली की तुम्ही लोभी. हिशेब मागितला की दादाची पंचाईत, कारण हिशेब मागणाऱ्याला लोभी म्हणायला आधी हिशेब असावा लागतो.

उत्तर येईल? येणार नाही. पण पोचपावती येईल, आणि उद्या वकिलासमोर बसायची वेळ आलीच तर रडण्यापेक्षा तीच जास्त बोलते.

तसा दादा एके दिवशी आपोआप हलतो. पंचाहत्तर साली बांधलेली सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाते. बिल्डर नवा फ्लॅट, कॉर्पस आणि भाडं कबूल करतो, फक्त कागदपत्रं नीट हवीत म्हणतो. आणि काय चमत्कार! न सापडणारं शेअर सर्टिफिकेट सापडतं. मूळ करारनामा सापडतो. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती निघतात. पितृपक्ष आडवा येत नाही, मार्च एंड येत नाही, सीएचा फोन पहिल्या रिंगला लागतो.

इतकी वर्षं गप्प असलेल्या ग्रुपवर पहाटे पावणेसहाला मेसेज पडतो: "सर्वांनी शनिवारी अकरा वाजता रजिस्ट्रार ऑफिसला यावे. आधार, पॅन, दोन फोटो आणणे. हक्कसोडपत्राचा मसुदा तिथेच वाचायला मिळेल. कृपया कोणी उशीर करू नये."

न्यू जर्सीहून अंगठा.