नियमात बसणारा स्फोट

पश्चिम ऑस्ट्रेलियात जमीन कुणाची, हा वाद फारसा अवघड नाही. वर आदिवासींचा परंपरागत हक्क, खाली सरकारची खनिजे आणि मधोमध खाणकंपनीचे भाडेपत्र. ड्रिल कुणाच्या हातात आहे तेवढे पाहिले की पुढचे सगळे सोपे होते.

आदिवासींचा वारसा जपायला या राज्याने 1972 साली कायदा केला. कायदा कडक. कलम 17 सांगते, अशा जागेला धक्का लावणे गुन्हा. त्याला खेटूनच कलम 18 : धक्का लावायचाच असेल तर मंत्र्यांची परवानगी घ्या. मंत्रालयात उभी हयात घालवलेल्या कुणाही अव्वल कारकुनाला ही जोडी वाचून भरून येईल. परवानगी नाकारली तर कंपनीला दाद मागता येई. दिली तर आदिवासींनी दाद मागायची सोय नव्हती. मिळालेल्या परवानगीविरुद्ध कुणाची तक्रार असेल, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आले नसावे.

पिलबारा भागातल्या जुकान घळीत दोन शैलाश्रय होते. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा समाजाचे हे पवित्र ठिकाण, 46 हजार वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर असलेले. शेजारी रिओ टिंटोची लोहखनिजाची खाण वाढत होती. कंपनीला 2013 साली कलम 18 खाली परवानगी मिळाली. मग 2014 मध्ये, आता जाणारच आहे तर बघून घेऊ, म्हणून पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले आणि मोठी पंचाईत झाली. सात हजारांवर वस्तू निघाल्या. कांगारूच्या पायाच्या हाडाला टोक काढून केलेले 28 हजार वर्षांपूर्वीचे हत्यार निघाले. चार हजार वर्षांपूर्वी अनेकांच्या केसांचे पेड घालून विणलेल्या पट्ट्याचा तुकडा निघाला, आणि जनुकीय चाचणीत ते केस याच समाजाच्या पूर्वजांचे ठरले. आपल्याकडे वारस नोंदीसाठी तलाठ्याच्या दारात चपला झिजतात. इथे चार हजार वर्षांचा दाखला जमिनीने स्वतःहून हातात ठेवला.

पण दाखला वर्षभर उशिरा आला. नवी माहिती मिळाली म्हणून दिलेली परवानगी फिरवायची तरतूद कायद्यात नव्हती. थोडक्यात, जागा उडवायची ठरली म्हणून तिचे मोल कळले, आणि मोल कळले तोवर ती उडवायची ठरलेली होती.

मे 2020 मध्ये समाजाने जुलैतल्या आदिवासी सप्ताहासाठी घळीत जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा कुठे त्यांना स्फोटाचे समजले. थांबवा म्हणाले. कंपनी म्हणाली, 382 भोकांत दारू ठासून झाली आहे, आता काढणे धोक्याचे. त्यांतली सात भोके मात्र रिकामी केली. ती उडाली असती तर ज्या दुसऱ्या जागांना इजा झाली असती, त्यांची परवानगी काढायची राहिली होती! 24 मे रोजी बार उडाला. आदिवासींवर झालेल्या अन्यायाबद्दल तिथे देशभर क्षमा दिन पाळतात, तो 26 मेला. तेवढी दोन दिवसांची सवड ठेवली होती.

पुढे संसदेच्या चौकशीत निघाले की खाणीचे चार आराखडे होते. तीन आराखड्यांत गुहा वाचत होत्या. चौथ्यात 80 लाख टन चांगल्या प्रतीचे खनिज जास्त मिळत होते, किंमत साडेतेरा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात. पहिले तीन समाजाला दाखवलेच नव्हते. निवड झाल्यावर उगाच गोंधळ नको.

शिक्षा झाली. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांचा बोनस कापला, पदही गेले. आधीच्या वर्षांच्या शेअरांमुळे त्या वर्षीची त्यांची एकूण कमाई मात्र वाढली.

राज्याने नवा कायदा केला, तो 1 जुलै 2023 ला लागू झाला. कुंपणाचा खांब रोवायलाही परवानगी लागेल, अशी ओरड शेतकऱ्यांनी आणि जमीनमालकांनी केली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारने कायदा मागे घेत असल्याचे जाहीर करून टाकले. सेहेचाळीस हजार वर्षे टिकलेल्या गुहेसाठी केलेला कायदा मागे घ्यायचे ठरायला सहा आठवडेही लागले नाहीत.

आता पुन्हा 1972 चाच कायदा आहे, डागडुजी केलेला. आदिवासींनाही दाद मागता येते. परवानगीनंतर नवे काही सापडले तर कंपनीने मंत्र्यांना कळवायचे. त्यानंतर परवानगी ठेवायची की रद्द करायची, ते मंत्री ठरवतील.