अण्णांची भूपाळी

कोरेगावात आमच्या आळीला कोंबडा पाळायची गरज पडत नाही. पहाटे पाचला अण्णा ओट्यावर मोबाईल ठेवतात, त्याला एक डबडा स्पीकर जोडतात आणि होनाजीची भूपाळी सुरू होते. देव उठो न उठो, आळी उठते.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सुरांशी त्यांचा संबंध डबल बेलपुरता. पण या एका भूपाळीची मालकी त्यांच्याकडे आहे, ती थेट सातबाऱ्यासकट. दुसऱ्या कुणी ती गुणगुणली, तर अण्णांचा चेहरा बांध कोरलेल्या शेतकऱ्यासारखा होतो.

सगळ्यात जास्त भोगतो तो दूधवाला. होनाजी पुण्याचा, जातीनं गवळी, आडनाव शिलारखाने, हे त्याला गेली बारा वर्षं रोज ऐकावं लागतंय. "अरे, पेशवाईत लावण्या रचून फड गाजवायचा तो! आणि त्याच लेखणीतनं ही भूपाळी. गवळीच होता, तुझ्यासारखा!"

"व्हय अण्णा," किटली टेकवत तो म्हणतो, "पण त्येच्या लावणीला कुणी फॅट लावत नव्हतं."

कोपऱ्यावरच्या शिंप्याचीही सुटका नाही. होनाजी रचायचा आणि बाळा करंजकर गायचा. तो बाळा शिंपी. त्यामुळे पायजम्याचं माप देतानाही अण्णा पोट आत घेत नाहीत, इतिहास बाहेर काढतात. शिंपी बिचारा टेप धरून पेशवाई संपायची वाट बघतो.

मग चित्रपट. १९५१ साली व्ही. शांतारामांनी याच भूपाळीभोवती 'अमर भूपाळी' उभा केला. संगीत वसंत देसाईंचं, होनाजी झाले पंडितराव नागरकर, भूपाळीत नागरकरांबरोबर लताबाई, आणि संध्याबाईंचा हा पहिलाच चित्रपट. पुढच्या वर्षी तो फ्रान्सला कान महोत्सवात गेला आणि ध्वनिमुद्रणासाठी त्याचं कौतुक झालं. 'कान'ला जाऊन कानाचंच बक्षीस, हा अण्णांचा विनोद. तोही बारा वर्षांचा. (पहिल्यांदा मी मनापासून हसलो होतो. ती चूक अजून फेडतोय.)

अण्णांनी तो चित्रपट लहानपणी पुसेगावच्या यात्रेत, तंबूत, वडिलांच्या घोंगड्यात बसून पाहिला. गोष्ट सांगतात मोठी रंगवून, पण अर्ध्यावर थांबतात. "पुढचं तुम्ही बघा. सगळंच सांगितलं तर मजा काय?" आम्हाला वाटायचं, केवढा हा रसिक संयम!

परवा नातवानं तो चित्रपट टीव्हीवर लावून दिला. अण्णा पांढरी टोपी घालून पुढच्या खुर्चीत. शेजारपाजार झाडून गोळा. काकूंनी वाघ्या घेवडा निवडायला घेतला होता, तो तसाच मांडीवर. पडद्यावर भूपाळी सुरू झाली, अण्णांनी डोळे मिटले, बोटांनी ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला ठेका सुटला. तिसऱ्याला घोरणं.

"तंबूतबी हितंच झोपले हुते," काकू सुपातला खडा टिपत म्हणाल्या. "सासरे सांगायचे. घोंगड्यासकट उचलून आणला म्हणून."

नातू उठवायला निघाला. काकूंनी त्याला हातानंच खाली बसवलं आणि टीव्हीचा आवाज बारीक केला.

दुसऱ्या दिवशी पाचला नेहमीप्रमाणे स्पीकर वाजला. मी खिडकीतनं पाहिलं. दूधवाल्यानं काकूंच्या पातेल्यात माप ओतलं, ओट्यावरच्या खुर्चीत पुन्हा घोरणाऱ्या अण्णांकडे बघितलं, आणि सायकलवर टांग मारून उरलेलं कडवं स्वतःच गुणगुणत निघून गेला.