घाटावरचा फॉलआउटवाला

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की नाव-गाव झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. एवढं कळलं की बोलण्याचा हेल कळतो, विहिरीचं पाणी गोड की खारं तेही कळतं आणि सोयरीक जमेल की नाही याचाही साधारण अंदाज येतो. फॉलआउटवाल्यांच्या दुनियेतही असाच एक घाट आहे. तो २००८ साली लागतो.

ज्यांना फॉलआउट ठाऊक नाही त्यांच्यासाठी, म्हणजे सुखी माणसांसाठी, थोडक्यात सांगतो. हा कॉम्प्युटरवरचा खेळ. २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होतं आणि दोनेक तासांत जगाची राखरांगोळी होते. मूठभर लोक ‘व्हॉल्ट’ नावाच्या तळघरांत तगून राहतात. पुढे कधीतरी त्यातला एक जण दार उघडून उजाड माळावर पाऊल ठेवतो. तो एक जण म्हणजे आपण. पहिला भाग १९९७ला आला, दुसरा १९९८ला. त्यात सगळं वरून दिसायचं आणि आपली पाळी आली की गोळी झाडायची. मग मूळची इंटरप्ले कंपनी डबघाईला आली, हक्क बेथेस्डाने घेतले आणि २००८च्या तिसऱ्या भागात खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हातात बंदूक आली. तिथे घाट लागला. पहिल्या दोन भागांवर ज्याची निष्ठा तो घाटावरचा. तिसऱ्यापासून ज्याचा खेळ सुरू झाला तो घाटाखालचा, मग त्याचं घर भले मेहकरात असो.

आपला नमुना दोन्ही अर्थांनी घाटावरचा. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. बसायला कृषी सेवा केंद्राचं काउंटर, पाठीमागे सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या. मृग लागला की दोन-तीन आठवडे तो माणसांत असतो. एरवी गिऱ्हाईक तणनाशकाबद्दल विचारतं आणि तो उत्तर देता देता कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन येतो. त्याला हा खेळ पुण्यात हॉस्टेलवर लागला, कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून. अधिकृत प्रत घ्यायची त्याची फार इच्छा होती, असं तो सांगतो. मुद्द्याला पुरावा म्हणून २००८चा दाखला देतो: मायक्रोसॉफ्टने तिसरा भाग एक्सबॉक्स ३६०साठी भारतात आणायचं रद्द केलं आणि कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं. खेळात दोन डोक्यांच्या गाई आहेत आणि त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यावरून हे झालं असावं, असा चाहत्यांचा तर्क. त्याने आजवर एक्सबॉक्स डोळ्यांनी पाहिलेला नाही आणि तिसरा भाग त्याला मुळात मान्यच नाही. तरी हा अपमान तो अजून विसरलेला नाही.

वादाला तोंड फुटतं ते बियाणं कंपनीचा नांदुऱ्याचा प्रतिनिधी महिन्याच्या फेरीला आला म्हणजे. तो कट्टर घाटाखालचा. ऑर्डरचं पुस्तक काउंटरवर ठेवतो, चहा सांगितला जातो आणि पुस्तक तसंच राहतं.

“अबे, तिसऱ्यात हाय काय? बाप हरवला म्हून पोट्टं बोंबलत फिरते.”

“अन् पयल्यात काय हाय? पाण्यासाठी धाडलं पोट्ट्याले!”

दोघांचंही खरं आहे. पहिल्या भागात तळघरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक सुटा भाग बिघडतो आणि नवा आणायला आपल्याला १५० दिवस मिळतात. तिसऱ्यात वडिलांना शोधायला निघायचं आणि ते सापडले की कळतं, म्हातारा नदीचं पाणी पिण्यालायक करायच्या खटपटीत आहे. पुढच्या ‘न्यू वेगास’ या भागात हूवर धरण कोणाच्या ताब्यात राहणार यावरून तीन-तीन पक्ष एकमेकांच्या जिवावर उठलेले. अमेरिकेतल्या हुशार माणसांनी एवढी डोकी लावून जगाच्या अंताची जी कल्पना केली, ती आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पंचायत समितीच्या टंचाई आराखड्यात छापून येते.

ही गोष्ट आमच्या नमुन्याच्या लक्षात आली नाही, त्याच्या आईच्या आली. एकदा १५० दिवसांवरून दुकानात खणाखणी चालली असताना ती मागच्या दारातून म्हणाली, “मंग टँकर मागवा म्हना.”

तो उजळला. “मागवता येतो ना, आई! हब नावाचं गाव हाये, तिथून पाण्याचा तांडा धाडला की १०० दिवस वाढून भेटतात. पण त्यानं दुश्मनाले आपला पत्ता लवकर लागते.”

“अन् पैसे कोन देते?”

“पैसे नसतात. सोड्याच्या बाटलीची झाकणं चालतात.”

माउलीने क्षणभर पोराकडे पाहिलं आणि म्हणाली, “नळ आला. टाकी भर.” त्यांच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. तो उठला, पण जाताना “पुढच्या वेळी न्यू वेगासवर बोलू” असं सांगून गेला.

न्यू वेगास हा मोठा नाजूक विषय. २०१०चा हा भाग बेथेस्डाने स्वतः न करता ऑब्सिडियनकडून करून घेतला आणि ऑब्सिडियनमध्ये जुन्या भागांवर काम केलेली मंडळी होती. त्यामुळे कालगणनेने तो घाटाखाली पडतो आणि रक्ताने घाटावर. दोन्हीकडचे त्याच्यावर हक्क सांगतात. त्यातलीच ती बोनसची हकिगत. समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ भरली तर ऑब्सिडियनला बोनस मिळायचा होता. भरले ८४. आमचा माणूस हे एका मताने पडलेल्या सरपंचाची गोष्ट सांगावी तसं सांगतो, मधे थांबतो, चहाचा कप खाली ठेवतो. चौऱ्याऐंशी! गिऱ्हाईकही हळहळतं. फॉलआउट कशाशी खातात हे त्याला माहीत नसतं, पण एका मार्कानं गेलं म्हणजे काय ते समजतं.

चौथ्या भागाला, २०१५च्या, तो उघडपणे शिव्या घालतो आणि गुपचूप खेळतो. दुकानातल्या पोराने मला ते दाखवलं. त्या भागात मोडतोड गोळा करून वस्ती उभारता येते आणि टेबलफॅन उचलून आणला की त्यातून स्क्रू निघतात. हा बाबा पडक्या हॉस्पिटलात राक्षसांच्या तावडीतून एकेक टेबलफॅन वाचवून आणतो. दुकानातल्या छतपंख्याचा एक स्क्रू मात्र ढिला आहे आणि पंखा गेले दोन उन्हाळे डुगडुगतो आहे. आलेलं माणूस त्याच्याखालचं स्टूल सोडून बसतं.

२०१८चा ‘फॉलआउट ७६’ म्हणजे तो आणि नांदुऱ्याचा प्रतिनिधी या दोघांच्या एकमताचा एकमेव विषय. सुरुवातीला त्या अख्ख्या मुलुखात बोलायला एक माणूस ठेवलेला नव्हता. त्यात भर म्हणजे २०० डॉलरच्या खास पेटीत कॅनव्हासची पिशवी देऊ म्हणून जाहिरात केली आणि हातात ठेवली नायलॉनची. या दोघांनी पेटी घेतली नव्हती, घेणारही नव्हते. पण बियाण्याच्या धंद्यातला माणूस थैलीवर काय छापलंय आणि आत काय निघालंय यातला फरक फार मनावर घेतो.

एप्रिल २०२४मध्ये प्राइम व्हिडिओवर फॉलआउटची मालिका आली, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा सगळ्यांसोबत बसून काहीतरी पाहील. बसला. मालिकेत एका वर्गातला फळा दिसतो आणि त्यावर शेडी सँड्स या शहराच्या पतनासमोर २२७७ साल लिहिलेलं आहे. याने टीव्ही थांबवला. न्यू वेगासची गोष्ट २२८१ची आणि तिथे त्या शहरातलं सरकार चांगलं धडधाकट आहे! म्हणजे न्यू वेगास इतिहासातून पुसलं की काय? जेवणं निवली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फळा नीट निरखला आणि म्हणाले, “मास्तर जुनी तारीख पुसायला इसरला असंल.” पुढे बेथेस्डाच्या टॉड हॉवर्डने बाँब न्यू वेगासच्या गोष्टीनंतर पडला असा खुलासा केला. मास्तरांचा खुलासा मला जास्त पटला.

लोणार याच जिल्ह्यात असल्याचा त्याला रास्त अभिमान आहे. उल्कापाताने काळ्या बसाल्ट खडकात पडलेलं पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं पाणी, काठावर पडकी देवळं. फॉलआउट बनवणाऱ्यांना हे आयतं मिळालं असतं, असं तो म्हणतो. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा त्याने ‘रेडिएशन’ असं स्टेटस ठेवलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण सांगितलं, तरी दोन दिवस स्टेटस तसंच होतं. पाहुण्यांना तो गोमुखाची धार आणि दैत्यसूदनाचं मंदिर दाखवायचं सोडून काठावर उभं करतो आणि तिसऱ्या भागातलं मेगाटन गाव कसं विवरात, न फुटलेल्या बाँबभोवती वसलंय ते सांगतो. तिसरा भाग मान्य नसलेला माणूस हे इतकं बारकाईने कसं सांगतो, असं विचारू नये. मी विचारलं होतं. “विरोध कराचा त अभ्यास लागते,” असं उत्तर आलं.

भेंडवळच्या घटमांडणीवर त्याचा काडीचा विश्वास नाही. अक्षय्य तृतीयेला मांडलेल्या घटातलं धान्य आणि पानविडा सकाळी कसा सरकलाय यावरून पीकपाणी आणि राजाची गादी सांगायची, हे त्याला अडाणीपणाचं वाटतं. स्वतः मात्र टॉड हॉवर्डने मुलाखतीत कोणतं वाक्य गाळलं, मागच्या फळीवर काय ठेवलं होतं, यावरून पुढच्या भागाचं गाव आणि साल काढतो. भेंडवळचं भाकीत निदान वर्षातून एकदाच असतं.

हॉवर्डने २०२२मध्ये सांगून टाकलंय की ‘एल्डर स्क्रोल्स ६’ झाल्यावर ‘फॉलआउट ५’. ‘एल्डर स्क्रोल्स ६’ची घोषणा २०१८ची आणि तो अजून यायचाच आहे. इकडे नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकापासून चालू आहे, पहिल्या फॉलआउटच्या बरोबरीचा म्हणा ना. दुकानात त्यावरून पैज लागली: आधी जिगाव पुरा होतो की आधी पाचवा भाग येतो? प्रतिनिधी नांदुऱ्याचा, त्याने गावाशी इमान राखून जिगाववर पैसे लावले. आमच्या माणसाने पाचव्या भागाच्या बाजूने बोलायला साफ नकार दिला. त्याच्या हिशेबात फॉलआउटचे भाग दोनच, आणि दुसरा १९९८ला येऊन गेला.