पंचावन्नचे पासष्ट

अमेरिकेत नेब्रास्काच्या सपाट मुलखातून आंतरराज्य महामार्ग क्रमांक 80 जातो. वेगमर्यादा ताशी 75 मैल, म्हणजे आपले 120 किलोमीटर. त्याच्या अगदी उजव्या मार्गिकेतून एखाद्या रविवारी गोल नाकाडाची, गडद हिरवी शेवरोले पिकअप 48 मैलांच्या वेगाने चाललेली दिसते. मागे अठराचाकी ट्रेलरांची रांग लागलेली असते आणि ही गाडी जोरात का जात नाही, हा एकच प्रश्न त्या सगळ्या चालकांना पडलेला असतो. स्टिअरिंगवर बसलेल्या गृहस्थालाही तोच पडलेला असतो. फरक इतकाच, की त्याने त्याचा अभ्यास केलेला असतो.

हा गृहस्थ ओहायोत सापडतो, मिसुरीत सापडतो, टेक्सासात तर गल्लोगल्ली सापडतो. वय साठीच्या पुढे, पेन्शन बरी, गुडघे बेताचे. गाडी 1949 ची, अर्ध्या टनाची. विकत घेताना त्याने पत्रा ठोकून पाहिला, दारं उघडझाप करून पाहिली, सीटच्या मागे बसवलेल्या पेट्रोलच्या टाकीचा वास छातीभर घेतला. गाडी किती पळते, हे मात्र विचारलं नाही. स्थळ पसंत पडल्यावर असले प्रश्न कोणी विचारत नाही.

मुद्दलात ही गाडी पळण्यासाठी नव्हतीच. शेवरोलेने 1947 साली हे मॉडेल काढलं ते मक्याची पोती, कोंबड्यांची खुराडी आणि कुंपणाचे खांब वाहणाऱ्यांसाठी. कच्चा रस्ता, चिखल, चढ, आणि शेतापासून गावापर्यंत दहा-बारा मैल. म्हणून मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण 4.11 ठेवलं: चाक एकदा फिरायचं तर शाफ्टने चार वेळा फिरून वर थोडं आणखी फिरायचं. ओढायला उत्तम, धावायला वाईट. आयझेनहॉवर साहेबांनी 41,000 मैलांच्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली ती 1956 साली, म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर सात वर्षांनी. त्यात गाडीचा काय दोष? (याच कंपनीच्या ट्रक आणि मोटारी आपल्या शिवडीतही जोडल्या जात, 1928 पासून 1954 पर्यंत. तेव्हाच्या आपल्या रस्त्यांवर त्यांच्या वेगाबद्दल कोणी तक्रार केली असेल, असं वाटत नाही.)

साठ मैलांचा वेग गाठायचा तर या गाडीच्या इंजिनाला मिनिटाला जवळजवळ तीन हजार फेरे मारावे लागतात. आजच्या इंजिनाला हा आकडा किरकोळ आहे. पण हे इंजिन 216 घनइंचांचं, सहा सिलिंडरांचं, कागदोपत्री 90 अश्वशक्तीचं आणि सवयींनी फार जुन्या वळणाचं. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये बॅबिट नावाचा मऊ धातू ओतलेला असतो. त्या बेअरिंगना दाबाने ऑइल मिळत नाही. रॉडच्या तळाला एक छोटा चमचा असतो, तो दर फेऱ्याला खालच्या पन्हाळीतलं ऑइल उपसून घेतो. असा चमच्याने जेवणारा प्राणी तासन्‌तास तीन हजार फेऱ्यांवर पळवला, की गृहस्थाच्या कानांना रॉड वाजल्याचे भास व्हायला लागतात. पन्नासला तो मान तिरकी करतो, पंचावन्नला रेडिओ बंद करतो आणि साठला बायकोला विचारतो, ‘तुला काही ऐकू आलं का?’ तिला काय ऐकू येणार? ती मागून स्वतःच्या टोयोटात, चारही इंडिकेटर लावून, त्याची पाठराखण करत येत असते.

उपाय सोपा आहे, असं शेजारी सांगतो. तोही याच जातीचा, पण पलीकडच्या पंथाचा. ‘साडेतीनशेचं व्ही-एट टाक, पाच गिअरचा बॉक्स टाक, मोकळा हो.’ सल्ला चुकीचा नाही. अमेरिकेतल्या निम्म्या जुन्या पिकअपांच्या पोटात आज असलंच काही तरी धडधडत असावं, असा माझा संशय आहे. पण आपल्या गृहस्थाला हे ऐकून दुखावल्यासारखं होतं. त्याला गाडी तीच हवी आहे. वेग तेवढा दुसऱ्या गाडीचा हवा आहे. आणि ही गोष्ट कोणाला, शक्यतो स्वतःलासुद्धा, कळता कामा नये. त्यासाठी त्याने एक धर्मशास्त्र तयार केलं आहे. बॉनेट उघडल्यावर जे दिसतं त्याला हात लावायचा नाही. गाडीखाली पाठीवर झोपल्याशिवाय जे दिसत नाही, ते बदललं तर गाडी बाटत नाही.

या शास्त्राच्या आधारे पहिला बदल होतो टायरांचा. 28 इंचांच्या चाकाच्या जागी 29 इंचांचं रेडियल. त्याच फेऱ्यांत साठचे बासष्ट होतात. दोन मैल! तो आठवडाभर हे सांगत हिंडतो.

मग क्राउन-पिनियन. 4.11 काढून 3.55 चा जोड बसवायचा. इथे खरी गंमत आहे, कारण या गाडीचा शाफ्ट उघडा नसतो, तो गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एका जाड नळीत बंद असतो. आतलं काही बदलायचं तर अख्खा मागचा अ‍ॅक्सल मागे ओढून काढावा लागतो. दोन शनिवार-रविवार तो गॅरेजच्या फरशीवर गाडीखाली दिसतो, म्हणजे त्याचे बूट दिसतात. तिसऱ्या रविवारी गाडी रस्त्यावर येते. इंजिनाचा नेहमीचा, सोसेल तेवढा आवाज होईपर्यंत तो पाय दाबतो आणि स्पीडोमीटर पाहतो.

पंचावन्न. पूर्वी इतकेच.

त्याचा चेहरा उतरतो. एवढी पदरमोड केली, पाठ धरली, आणि काटा जागचा हलायला तयार नाही. आता स्पीडोमीटरची तार निघते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून; पुढे डिफरन्शियलमध्ये काय बदललं, याची तिला वार्ताही नसते. गाडी खरोखर सहासष्टच्या आसपास धावत असते आणि काटा निष्ठेने 1949 चा हिशेब सांगत असतो. हे त्याच्या लक्षात येतं ते बायकोचा फोन आल्यावर. ‘तू इतक्या जोरात का चालला आहेस?’ तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्याला प्रथमच विचारला गेलेला असतो. तो पुढच्याच पेट्रोल पंपावर थांबून तिला तो पुन्हा विचारायला लावतो.

गंगेत घोडं न्हालं म्हणावं, तर नाही. एक सांधता तेरा तुटतात, ही म्हण या लोकांना ठाऊक नाही, पण अनुभव पुरेपूर आहे. पन्नासवरून पासष्टवर गेलं की हवेच्या रेट्याविरुद्ध लागणारी ताकद दुपटीहून जास्त होते. समोर चढ आला की इंजिन दमतं, पाय तळाला जातो, आणि मग पावसात नवाच साक्षात्कार होतो: या गाडीचे वायपर इंजिनाच्या निर्वातावर चालतात. पाय पूर्ण दाबला की निर्वात संपतो आणि वायपर काचेच्या मध्यावर समाधी घेतात. वेग हवा की रस्ता दिसायला हवा, यातलं एक निवडायचं.

शिवाय थांबायचं कसं? चारही चाकांना ड्रम ब्रेक, मास्टर सिलिंडर एकच, तोही पायाखालच्या फळीच्या खाली. एक नळी गळली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. वेग तीस टक्क्यांनी वाढला की थांबायला लागणारं अंतर सत्तर टक्क्यांनी वाढतं, हे त्याला पाठ आहे. म्हणून पुढे डिस्क ब्रेक येतात. (चाकाच्या आड असतात, दिसत नाहीत. चालतं.) दुहेरी मास्टर सिलिंडर येतो. (फळीखाली. चालतं.) पासष्टला स्टिअरिंगमधला प्ले दोन्ही मार्गिकांमध्ये वाटला जातो, म्हणून किंगपिन नवे येतात. मग 1954 सालचं 235 घनइंचांचं इंजिन येतं, दाबाने ऑइल देणारं. ते बॉनेटखाली उघड दिसतं, पण सहाच सिलिंडरांचं, त्याच घराण्यातलं. करड्या रंगाचा एक हात मारला की पाहुण्यांना कळत नाही. कळणाऱ्यांना तो गॅरेजमध्ये बोलावत नाही.

या सगळ्या खटाटोपानंतर गाडी खरोखर पासष्टने जाते. दिवसभर जाते. बायकोने इंडिकेटर लावणं बंद केलं आहे. शंभर मैलांवरच्या मुलीच्या गावाला जायला पूर्वी दोन तास लागत, आता दीड तासाच्या किंचित वर. अठ्ठावीस मिनिटं वाचतात, हा हिशेब त्याने गॅरेजच्या भिंतीवर खडूने मांडून ठेवला आहे.

तरी मुलीकडे पोचायला दोन तासच लागतात. वाटेत पेट्रोल भरायला थांबलं, की शेजारच्या पंपावरचा कोणी तरी नळी हातात तशीच धरून जवळ येतो. ‘माझ्या आजोबांकडे अगदी अशीच होती!’ मग आजोबांचं शेत, आजोबांचा कुत्रा, गाडी कोणत्या मूर्ख काकाने कितीला विकली, सगळं होतं. गृहस्थ बॉनेट उघडून दाखवतो. अनोळखी माणूस आत वाकून भारावतो आणि विचारतो, ‘सगळं मूळचंच आहे ना?’

‘सगळं,’ गृहस्थ म्हणतो, आणि त्याने फार खाली वाकू नये म्हणून बॉनेट लावून घेतो.