कशाच्या तुलनेत?

वजन उतरवणाऱ्या वनस्पतींचा बाजार मोठा आहे. ‘तीन महिन्यांत चार किलो उतरले’ असं पाकिटावर ठळक छापलेलं असतं. वाचणारा लगेच किंमत विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं, की कशाच्या तुलनेत उतरले?

१९९८ मध्ये अमेरिकेत हा प्रश्न नीट विचारला गेला. वनस्पती होती गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी. आपल्या कोकमाची बहीण. दोघींच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. साखरेची चरबी करताना शरीराला एक एन्झाइम लागतं, ते हे आम्ल अडवतं. प्रयोगशाळेत हे दिसलं होतं. उंदरांची भूकही कमी झाली होती. तेवढ्यावर गोळ्या दुकानात पोहोचल्या.

मग १३५ जाड माणसं निवडली. साधारण अर्ध्यांना अर्क दिला, उरलेल्यांना दिसायला अगदी तशीच, पण औषध नसलेली गोळी. आहार सगळ्यांना सारखाच, कमी उष्मांकाचा. कोणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. १२ आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोनं उतरलं.

औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोनं.

दोन आकड्यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. म्हणजे वजन उतरवलं ते ताटातल्या जेवणानं. दुसरा गट नसता, तर सगळं श्रेय गोळीला गेलं असतं.

हा निकाल ‘जामा’सारख्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. गोळी अजून विकली जातेच आहे.

‘पण आमसूल तर आपण रोज खातो, त्यानं काय बिघडणार?’ आमटीत पडतात दोन-चार आमसुलं. कॅप्सूलमध्ये असतो त्या आम्लाचा घट्ट अर्क, तोही दिवसातून दोन-तीनदा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी गार्सिनिया असलेल्या उत्पादनांशी जोडलेल्या यकृतविकाराच्या २२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या बहुतेक उत्पादनांत ग्रीन टीचा अर्कही होता. सोलकढी निर्धोक आहे म्हणून कॅप्सूलही निर्धोक ठरत नाही.

बरं, ‘चाचणी झाली आहे’ एवढं ऐकून निर्धास्त व्हावं का?

२०१२ मध्ये हिरव्या कॉफीच्या अर्कावरचा एक अभ्यास गाजला. चाचणी भारतात झाली, पैसे अमेरिकी कंपनीचे. माणसं किती? १६. तेवढ्यावर अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या एका नामवंत डॉक्टरांनी हा अर्क डोक्यावर घेतला. पुढे तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेनं चौकशी केली. मुख्य संशोधकानं लोकांची वजनं पुन्हा पुन्हा बदलली होती, खरं औषध कोणाला आणि खोटं कोणाला याचीही सरमिसळ केली होती, असा यंत्रणेचा ठपका होता. कंपनीनं ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. २०१४ मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला.

अर्काचे डबे मागे घेतले गेले नाहीत.

आता आपल्या गुग्गुळाकडे या. सुश्रुतानं मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्याचाच धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. १९६६ मध्ये त्यांचा प्रबंध झाला. नंतर लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं त्यापासून औषध तयार केलं, ते बाजारातही आलं. ग्रंथ, प्राणी, मग माणूस, अशी ही वाट होती. परंपरेचा मान राखायचा तर तो असाच राखतात.

भारतातल्या चाचण्यांत गुग्गुळानं कोलेस्टेरॉल उतरल्याचं दिसलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर, औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत, आठ आठवड्यांची चाचणी झाली. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, गुग्गुळ घेणाऱ्यांत चार-पाच टक्क्यांनी वाढलं. औषध नसलेल्या गोळीवर ते पाच टक्क्यांनी उतरलं. गुग्गुळ घेणाऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पुरळही उठलं.

मग कोण चुकलं? आहार वेगळा होता का? मात्रा? माणसांचा वंश? याचं उत्तर घोषणांनी मिळत नाही, मोठ्या चाचणीनं मिळतं. आणि गुग्गुळानं वजन उतरतं का, हा तर त्याच्याही पुढचा प्रश्न. तरी दुकानात मेदोहर गुग्गुळ मागितला की मिळतो.

‘वनस्पतीच आहे, अपाय तर नाही ना?’ हे वाक्य ब्रुसेल्समधल्या बायकांना ऐकवा. १९९० च्या सुमारास तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात औषधांबरोबर चिनी वनस्पतींच्या पुड्या दिल्या गेल्या. एका वनस्पतीच्या जागी नावानं जवळची दुसरीच आली, ॲरिस्टोलोकिया. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली. पुढे ज्यांची निकामी मूत्रपिंडं काढली गेली, अशा ३९ जणांची तपासणी झाली. १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला.

त्या वजन कमी करायला गेल्या होत्या.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा स्पष्ट लिहिलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता सकाळचं वर्तमानपत्र उघडा, केबलचा चॅनेल लावा, रिक्षाची पाठ वाचा. ‘पोट आत, चरबी बाहेर’ वाचून झालं, की त्यासाठी तुरुंगात गेलेल्या एकाचं नाव सांगा.

परवान्याचे नियमही पाहा. ग्रंथात सांगितलेलं औषध ग्रंथातल्याच कामासाठी विकायचं असेल, तर परिणामकारकतेचा पुरावा म्हणून ग्रंथाचा आधार पुरतो. सुश्रुतानं निरीक्षण केलं, नोंदलं, शिष्यांना तपासायला शिकवलं. त्याच्या नावावर न तपासता विकणं हा त्याचा सन्मान कसा?

वनस्पती नीट तपासता येत नाही, ही सबब तर मुंबईत तरी चालायला नको. सर्पगंधा रक्तदाबावर देतात हे वैद्यांना ठाऊक होतं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत ती रुग्णांना देऊन रक्तदाब मोजला, त्रासही नोंदवले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. जगभरच्या डॉक्टरांनी ते वापरलं. सर्पगंधेला जगात मान मिळवून दिला तो मोजलेल्या आकड्यांनी.

मग आज अडतं कुठे? पैशात. हजारो वर्षं माहीत असलेल्या वनस्पतीवर मक्तेदारी मिळत नाही, म्हणून कंपनी मोठ्या चाचणीवर खर्च करत नाही. छोटी चाचणी, तीस-चाळीस माणसं, आठ आठवडे, एवढ्यावर भागवलं जातं. दुसऱ्या बाजूला सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन १,९६१ जणांवर ६८ आठवडे तपासलं गेलं. वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेल्या इंजेक्शनवर २.४ टक्के. इंजेक्शन महाग आहे, त्याचेही त्रास आहेत. पण आकडे उघडे आहेत, कोणालाही तपासता येतात. आपल्या वनस्पतींना हीच मोजपट्टी लावायची भीती कोणाला वाटते? वनस्पतीला तर नक्कीच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन जास्त आहे. प्रश्न इतका मोठा असताना उत्तर अंदाजानं द्यायचं?

वाचकांनी एक करावं. भारतात चिकित्सा चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे, ती कोणालाही फुकट पाहता येते. विकणाऱ्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. किती माणसं, किती दिवस, दुसऱ्या गटाला काय दिलं, हे विचारा. उत्तर आलं, तर ते आपल्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवा. नाही आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि सरकारनंही एक करावं. आयुष मंत्रालय २०१४ पासून स्वतंत्र आहे. गुग्गुळाचं झाड आज नष्ट होण्याच्या गंभीर धोक्यातल्या यादीत आहे. डिंकासाठी खोडावर घाव घालून घालून ते मरतं. ते संपायच्या आत त्याची मोठी, खुली, भारतीय चाचणी व्हायला हवी, आणि निकाल बाजूनं लागो वा विरुद्ध, तो जसाच्या तसा छापला जायला हवा. काम करत असेल तर झाड लावा, नसेल तर निदान त्याला तोडणं थांबवा.